डोळ्यातून पाणी गळतंय, तरी डोळा कोरडा? जाणून घ्या पापणीच्या ग्रंथी आणि 'आयपीएल' उपचाराविषयी

मळणीच्या धुळीतून घरी आलं की डोळे चुरचुरतात, वाळू गेल्यासारखं खुपतं, वाऱ्यावर गेलं की पाणी सुटतं. डॉक्टर मात्र सांगतात, डोळे कोरडे पडलेत. पाणी येतंय मग कोरडे कसे, असा प्रश्न पडतोच.

कारण काय?
पापण्यांच्या कडेला बारीक तेलग्रंथी असतात. वरच्या पापणीत साधारण २५ ते ४०, खालच्या पापणीत २० ते ३०. त्यांना मायबोमियन ग्रंथी म्हणतात. त्यातलं तेल अश्रूंवर पातळ थर धरतं, म्हणून अश्रू लवकर उडून जात नाहीत. थंडीत खोबरेल तेल बाटलीत गोठतं, तसं हे तेल घट्ट झालं की ग्रंथीची तोंडं बुजतात. मग डोळा सुकतो, आग होते आणि त्या त्रासानेच पाणी सुटतं.

पहिला उपाय घरचाच
स्वच्छ फडकं सोसेल इतक्या गरम पाण्यात पिळून मिटलेल्या डोळ्यांवर ५ ते १० मिनिटं धरावं. नंतर पापणीला हलक्या बोटाने केसांच्या दिशेने मालिश करावी. दिवसातून दोनदा, काही आठवडे नेमाने केलं तरच गुण येतो.

'आयपीएल' म्हणजे काय?
क्रिकेट नव्हे, आणि लेझरही नव्हे. इंटेन्स पल्स्ड लाइट म्हणजे प्रखर प्रकाशाचे झटके. डोळ्यांवर संरक्षक झाकण लावून, गालावर जेल लावून खालच्या पापणीखाली ते देतात. त्याने सूज कमी होते. नंतर बऱ्याचदा डॉक्टर ग्रंथी दाबून साचलेलं तेल काढतात. दोन ते चार आठवड्यांच्या अंतराने साधारण चार वेळा जावं लागतं.

अमेरिकेच्या एफडीएने २०२१ मध्ये या आजारासाठी अशा यंत्राला मान्यता दिली. मात्र २०२० मध्ये कोक्रेन संस्थेने तोवरच्या चाचण्या तपासल्या, तेव्हा पुरावा अपुरा असल्याचं म्हटलं होतं. अनेकांना आराम पडतो, पण आजार मुळासकट जात नाही. पुन्हा उपचार लागू शकतात.

शेतकऱ्यांनी हे विसरू नये
अमेरिकेतली मान्यता त्वचेच्या सहापैकी पहिल्या चार रंगछटांपुरतीच आहे. गडद किंवा उन्हाने रापलेली त्वचा हा प्रकाश जास्त शोषते, त्यामुळे भाजणं, डाग पडणं असा धोका असतो. म्हणून रोज उन्हात काम करता हे डॉक्टरांना आधीच सांगा. चालू गोळ्याही दाखवा, काही औषधांनी त्वचा उन्हाला हळवी होते. उपचारानंतर काही आठवडे ऊन टाळावं लागतं, तेव्हा ऐन सुगीत तारीख घेऊ नका. खर्च एका वेळचा की पूर्ण उपचाराचा, तेही विचारून घ्या.

मेडिकलवरून परस्पर ड्रॉप नको
स्टेरॉइडचे ड्रॉप मनाने महिनोनमहिने टाकले तर काचबिंदू, मोतीबिंदू होऊ शकतो. डोळा ठणकत असेल किंवा अचानक कमी दिसायला लागलं, तर शेक देत बसू नका. त्याच दिवशी डोळ्याच्या डॉक्टरांना दाखवा.