मळमळ, भूल आणि एक कप कोरा चहा

परवा रात्री साडेदहाला एका मैत्रिणीचा फोन आला. तिचं सिझर ठरलंय, तारीख पुढच्या आठवड्यातली. हॉस्पिटलची बॅग, पाळणाघर, रजा, सगळं बोलून झालं आणि मग आवाज एकदम खाली आणून ती म्हणाली, "एक विचारू? हसू नकोस हं. टेबलवर तुला उलटी झाली होती का गं?"

हसायचा प्रश्नच नव्हता. २०१६ साली मी हाच प्रश्न जवळजवळ सहा जणींना विचारला होता आणि त्यातल्या पाच जणी हसल्या होत्या.

माझी गोष्ट अशी. मला लहानपणापासून गाडी लागते. कराडहून चिपळूणला जाताना कुंभार्ली घाट सुरू झाला की यष्टीतल्या डिझेलच्या वासाने मी हिरवी पडायचे. आई एका हातात आवळासुपारी आणि दुसऱ्या हातात पिशवी घेऊन तयारच असायची. पण बहुतेकांना गाडी लागते आणि ते विसरून जातात, मी विसरले नाही. मला उलटीची भीतीच बसली. शिळं खायचं नाही, बोटीत बसायचं नाही, कोणी "जरा मळमळतंय" म्हणालं की त्या खोलीतून बाहेर. या भीतीला एमेटोफोबिया असं भारदस्त नाव आहे हे मला नोकरीला लागल्यावर कळलं. नावाने भीती गेली नाही, पण आपण एकटेच येडे नाही एवढं कळलं.

दिवस गेल्यावरचे पहिले तीन महिने कसे काढले ते सांगत नाही. पुढे बाळ पायाळू निघालं आणि सिझर ठरलं. सुरीची भीती वाटली नाही. वाटली ती कुठल्याशा लेखातल्या एका ओळीची, की कमरेखालची भूल दिल्यावर बऱ्याच बायकांना मळमळतं. म्हणजे मी उताणी पडलेली, पाय हलत नाहीत, समोर हिरवा पडदा, आणि पळायला जागा नाही. आई म्हणाली, "अगं, बायका मरणाच्या कळा सोसतात आणि तू उलटीला घाबरतेस?" नवरोबा म्हणाले, "पॉझिटिव्ह विचार कर." असो.

मग मी माझ्या मते फार हुशारीचा तोडगा काढला. भूलतज्ज्ञ मॅडमना भेटले आणि सरळ म्हणाले, "मला पूर्ण भूल द्या. झोपवूनच टाका." मॅडम साठीच्या, शांत बाई. त्या हसल्या नाहीत. म्हणाल्या, "हे बघ, तू ज्याला घाबरतेस ना, त्याच्यासाठी पूर्ण भूल हीच जास्त धोक्याची. घरी जाऊन मेंडेल्सनचं वाच. मग बोलू."

असा गृहपाठ देणारे डॉक्टर मला फार आवडतात. वाचायला बसले आणि दोन शनिवार-रविवार त्यात गेले.

सुरुवात अर्थात क्लोरोफॉर्मपासून. एडिंबरोच्या जेम्स यंग सिम्प्सनने नोव्हेंबर १८४७ मध्ये तो आधी स्वतःवर आणि मित्रांवर करून पाहिला आणि काही दिवसांतच बाळंतपणात वापरला. १८५३ मध्ये जॉन स्नोने (हो, तोच, पुढच्या वर्षी लंडनच्या कॉलऱ्याचं मूळ पंपाच्या पाण्यात शोधणारा) राणी व्हिक्टोरियाला राजपुत्र लिओपोल्डच्या जन्माच्या वेळी क्लोरोफॉर्म दिला आणि वाद बराचसा निवला. हे सगळ्यांना माहीत असतं. माहीत नसते ती हॅना ग्रीनर. न्यूकॅसलजवळची पंधरा वर्षांची मुलगी. २८ जानेवारी १८४८ ला पायाच्या बोटाचं नख काढायला तिला क्लोरोफॉर्म दिला आणि काही मिनिटांत ती गेली. शुद्धीवर आणायला तिच्या तोंडात पाणी आणि ब्रँडी घातली होती. सिम्प्सनचं म्हणणं पडलं की मुलगी क्लोरोफॉर्मने नाही, त्या ब्रँडी-पाण्याने गुदमरून मेली. आपल्या लाडक्या औषधाची बाजू घेणं त्यात होतंच, पण बेशुद्ध माणसाच्या घशात काही गेलं तर ते कुठे जाईल याची खात्री नाही, ही गोष्ट त्या वादात पहिल्यांदा एवढ्या ठळकपणे बोलली गेली.

शुद्धीत असलेल्या माणसाची उलटी घाणेरडी असते, भीतीदायक असते (मला विचारा!), पण ती बाहेर पडते. बेशुद्ध माणसाचा घसा पहारा देत नाही. पोटातलं वर येतं आणि श्वासनलिकेत उतरू शकतं. गरोदरपणात पोट वरून दाबलेलं, अन्ननलिकेच्या तोंडाची झडप सैल, त्यामुळे हा धोका आणखी वाढतो.

न्यूयॉर्कच्या कर्टिस मेंडेल्सनने १९४६ मध्ये याचा हिशेब मांडला. त्याच्या इस्पितळातली १९३२ ते १९४५ मधली ४४,०१६ बाळंतपणं त्याने तपासली. त्यांत ६६ वेळा पोटातलं फुफ्फुसात गेलं होतं. दोन बायका दगावल्या, दोघीही घन अन्न अडकून. ज्यांच्या फुफ्फुसात नुसता आंबट द्रव गेला त्या फार आजारी पडल्या पण वाचल्या. मेंडेल्सनने मग सशांवर प्रयोग करून दाखवलं की खरं नुकसान करतं ते आम्ल. तेच पाणी आम्ल मारून घातलं तर फुफ्फुस एवढं पोळत नाही. त्याच्या सूचना होत्या: कळा सुरू असताना खायला देऊ नका, पोटातलं आम्ल कमी करा, आणि जमेल तिथे पूर्ण भूल टाळून जागेपुरती भूल द्या.

या तिसऱ्या सूचनेपाशी मी थांबले. उलटी टाळायला मी जी वाट मागत होते, त्या वाटेवर उलटीने माणसं मेली होती. (आज पूर्ण भूल तेव्हासारखी राहिलेली नाही. श्वासनलिकेत नळी घालतात, १९६१ मध्ये सेलिकने घशाच्या कूर्चेवर दाब देऊन अन्ननलिका बंद ठेवायची युक्ती सांगितली. तातडीच्या वेळी पूर्ण भूल जीव वाचवते. पण निव्वळ माझ्या भीतीपोटी ती मागणं, हं, जरा अवघड होतं.)

पहिल्या सूचनेचं मात्र पुढे अजीर्ण झालं. "रात्री बारानंतर पाण्याचा थेंब नाही" हा नियम जगभर पक्का बसला आणि पाच दशकं टिकला. गंमत म्हणजे जोसेफ लिस्टरने १८८३ मध्येच लिहून ठेवलं होतं की क्लोरोफॉर्मच्या वेळी पोटात घन काही नको, पण दोन तास आधी कपभर चहा दिलेला बरा. १९९९ मध्ये अमेरिकन भूलतज्ज्ञांच्या संघटनेने नियमावली काढली, त्यात ठरवलेल्या ऑपरेशनआधी दोन तासांपर्यंत पाणी, कोरा चहा असं पातळ चालेल असं आलं. म्हणजे एकशे सोळा वर्षं फिरून आपण पुन्हा त्याच चहाच्या कपाशी! आणि उपाशी पोटी किती मळमळतं हे ज्याने कडक उपास केलाय त्याला वेगळं सांगायला नको.

आता पाठीतल्या सुईकडे. जर्मनीत कील इथे ऑगस्ट १८९८ मध्ये ऑगस्ट बीअरने एका रुग्णाच्या मणक्यातल्या पाण्यात कोकेन सोडलं. ऑपरेशन वेदनेशिवाय झालं, नंतर मात्र रुग्णाला उलट्या आणि डोकेदुखी. हे औषधाने की आणखी कशाने, हे बघायला बीअर आणि त्याचा सहायक हिल्डेब्रांट यांनी एकमेकांवरच प्रयोग केला. बीअरच्या वेळी सुईला पिचकारी नीट बसली नाही आणि पाठीतलं पाणीच गळून गेलं. हिल्डेब्रांटवर जमलं. मग बीअरने त्याच्या नडगीवर हातोडी मारली, जळती सिगार टेकवली, दुखेना. दोघांनी वाइन आणि सिगारने आनंद साजरा केला. रात्री हिल्डेब्रांटला उलटी, बीअर नऊ दिवस अंथरुणात. माझ्या वाट्याला येणाऱ्या भुलेचा हा पूर्वज उलटीसकटच जन्माला आला होता :-)

दोनच वर्षांत, १९०० मध्ये, बाझेलला ही पद्धत बाळंतपणात आली. पुढे औषधं बदलली, सुया बारीक झाल्या, डोकेदुखी कमी झाली. पण मळमळ राहिली. आणि इथे मला राग यायला लागला. मरण मोजलं गेलं, बाळाची तब्येत मोजली गेली, ते बरोबरच आहे. मळमळ मात्र "होतं असं", "बाई घाबरलीय" या खात्यात जमा होत राहिली. आमच्या भाषेत सांगायचं तर बग रिपोर्ट यायचा आणि "युजर एरर" म्हणून बंद व्हायचा.

तर बग कुठे होता? पाठीतली भूल दुखण्याच्या नसांबरोबर रक्तवाहिन्या आवळून धरणाऱ्या नसाही झोपवते. वाहिन्या सैल पडतात, रक्त पायांत साठतं, रक्तदाब धाडकन उतरतो. त्यात उताणं झोपलं की गर्भाशयाचं वजन पोटातल्या मोठ्या नीलेवर पडतं आणि हृदयाकडे परतणारं रक्त अडतं. हे १९५३ मध्ये नीट वर्णन केलं गेलं, म्हणून टेबलवर डाव्या कुशीकडे थोडं कलतं करतात. दाब उतरला की मेंदूच्या तळाशी उलटीचा कारभार बघणारं जे केंद्र आहे, त्याच्या भागाला रक्त कमी पडतं. तिथून मळमळ. पुष्कळदा यंत्रावर आकडा दिसायच्या आत बाई म्हणते, "कसंतरी होतंय." सर्व्हर पडल्याचं डॅशबोर्डच्या आधी ग्राहकाच्या फोनवरून कळतं ना, तसंच.

मग दाब चढवायचं औषध द्या की! इथे मेंढ्या आडव्या आल्या. १९७४ मध्ये गाभण मेंढ्यांवरच्या एका अभ्यासात दिसलं की एफेड्रिनने गर्भाशयाचा रक्तपुरवठा टिकतो आणि वाहिन्या आवळणाऱ्या इतर औषधांनी तो घटतो. पुढची पंचवीसेक वर्षं जगभर एफेड्रिनच. बायकांना मळमळत राहिलं. हळूहळू कळलं की एफेड्रिन वारेतून बाळाकडे जातं आणि त्याच्या रक्तातलं आम्ल वाढवतं. ज्याला घाबरून बाजूला ठेवलं होतं ते फिनिलेफ्रिनच माणसांत बरं ठरत होतं.

आणि मग मला सापडला हाँगकाँगच्या वॉरविक न्गान की आणि सहकाऱ्यांचा २००४ चा अभ्यास. सिझरला आलेल्या बायकांचे तीन गट. सगळ्यांना फिनिलेफ्रिनच, फरक एवढाच की एका गटात दाब मूळच्या ८० टक्क्यांवर राखायचा, दुसऱ्यात ९०, तिसऱ्यात पूर्ण १००. मळमळ किंवा उलटी किती जणींना? पहिल्या गटात ४० टक्के. दुसऱ्यात १६. तिसऱ्यात ४ टक्के, म्हणजे चोवीस जणींत एक.

तो तक्ता मी रात्री एक वाजता तीनदा वाचला आणि खरं सांगते, रडले. चाळीसचे चार झाले होते ते बायका शूर झाल्या म्हणून नाही. कोणीतरी दाब उतरायची वाट न बघता तो मुळात उतरूच दिला नाही म्हणून. (२०१८ मध्ये आंतरराष्ट्रीय तज्ज्ञांनी मिळून जवळपास हीच शिफारस केली, पण तेव्हा माझी लेक दोन वर्षांची होती.)

प्रिंटआउट घेऊन मॅडमकडे गेले. त्यांनी चष्मा वर सरकवला आणि म्हणाल्या, "मी असंच देते. पण बाकीचंही ऐकून ठेव." बाळ निघाल्यावर ऑक्सिटोसिन भराभर दिलं तर दाब उतरून मळमळतं, म्हणून त्या सावकाश देणार. गर्भाशय ओढताना, शिवताना पोटातल्या आवरणावर ताण येतो आणि उमासा येऊ शकतो, त्याला दाबाचं औषध पुरेसं नाही. त्यासाठी ऑन्डान्सेट्रॉन, आपलं एमसेट हो, जे मुळात कॅन्सरच्या केमोथेरपीसाठी १९९० च्या सुमाराला बाजारात आलं. "शून्य टक्के मी कबूल करणार नाही," त्या म्हणाल्या. "पण मळमळलं की लगेच बोल. लाजू नकोस. तुझं बोलणं मला मशीनच्या आधी कळतं." आणि हो, सकाळी सहापर्यंत कोरा चहा चालेल.

ऑपरेशन साडेआठला होतं. पावणेसहाला मी चहा प्यायले. लिस्टरसाहेबांच्या नावाने.

भूल चढली, पाय जड झाले. मॅडम डोक्याशी बसल्या होत्या, पिचकारीचा पंप चालू. दर मिनिटाला दंडावरचा पट्टा आवळत होता आणि मी आकडे ऐकत होते: एकशे सोळा, एकशे चौदा, एकशे सतरा. बाळ बाहेर आलं, रडलं, सगळे हसले. मग टाके घालताना पोटात खोल काहीतरी ओढलं गेलं आणि तोंडाला पाणी सुटलं. ते ओळखीचं, कुंभार्ली घाटातलं. मी म्हणाले, "मॅडम, मळमळतंय." त्यांनी माझी मान डावीकडे वळवली, गालाशी ट्रे धरला, सर्जनना म्हणाल्या, "जरा थांबा हं," आणि सलाइनच्या नळीत काहीतरी दिलं. दोन कोरडे उमासे आले. पोटात चहाही उरला नव्हता. मिनिटभराने ते गेलं.

हे सगळं मैत्रिणीला सांगितलं. सव्वाबारा वाजले. ती म्हणाली, "म्हणजे झालीच होती ना थोडी?" म्हटलं, "दोन उमासे. मोजलेत." मग ती म्हणाली, "तो हाँगकाँगचा तक्ता पाठव." पाठवला.

गेल्या मे महिन्यात आम्ही गाडीने चिपळूणला गेलो. घाटातल्या तिसऱ्या वळणावर मागून लेक म्हणाली, "आई, मला कसंतरी होतंय." नवरोबांनी गाडी बाजूला घेतली. पिशवी मीच धरली. डोळे मिटून धरली, पण धरली.