दुधातली साखर आणि अडलेल्या बोटी

एप्रिल २०२०. लॉकडाऊन नुकताच लागला होता. गुजरातच्या मच्छीमार बोटींवर कामाला गेलेले डहाणू-तलासरीचे शेकडो खलाशी समुद्रमार्गे घरी परतत होते. नारगोल-उंबरगावच्या किनाऱ्यापाशी त्यांच्या बोटी अडल्या. हे रोग घेऊन येतील, या भीतीने किनाऱ्यावरून विरोध झाला. समोर जमीन दिसत होती, पण उतरता येत नव्हतं.

तलासरीत घरी बसून मी ही बातमी मोबाईलवर वाचली आणि नारगोलच्या नावाशीच थांबलो. तिथून संजाण अगदी जवळ. आणि संजाण म्हटलं की लहानपणी ऐकलेली ती गोष्ट आठवतेच.

इराणातून धर्म वाचवत आलेले पारशी संजाणला उतरले. जादी राणाने दुधाने काठोकाठ भरलेलं भांडं पाठवलं, म्हणजे इथे जागा नाही. पारशांच्या धर्मगुरूने त्यात साखर घातली. दूध सांडलं नाही, गोड झालं. बाहेरून आलेल्यांनी कसं मिसळावं, हे सांगायला ही गोष्ट आजही भाषणांत येते.

पण पारशांच्या आगमनाचं जुनं फारसी काव्य आहे, 'किस्सा-इ-संजान'. बहमन कैकोबाद यांनी ते १६००च्या सुमारास लिहिलं, म्हणजे घटनेनंतर कित्येक शतकांनी. त्यात दूधही नाही, साखरही नाही. त्यात अटी आहेत. इथली भाषा बोला. बायकांनी इथला पेहराव करावा. शस्त्रं खाली ठेवा. लग्नाची वरात दिवस मावळल्यावर काढा. गोडवा लोकांच्या तोंडी नंतर आला असावा.

पुढे संजाण पडलं, तेव्हा पारशांनी आपला पवित्र अग्नी डहाणू तालुक्यातल्या बहारोटच्या डोंगरात नेला. तिथल्या गुहांत तो बारा वर्षं जपला, अशी परंपरा सांगते. बारा वर्षं रानात राहायचं म्हणजे लाकूड, पाणी, वाटा दाखवणारं कुणीतरी लागलं असेल. मी ऐकलेल्या कथेत त्या माणसांना नाव नाही.

एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी आणि विसाव्याच्या सुरुवातीला आणखी लोक आले: यझ्द आणि केरमानकडचे इराणी. दुष्काळ आणि छळ यांतून सुटून ते मुंबईमार्गे इकडे पोचले. त्यांच्यातल्या काहींनी डहाणू, घोलवड, बोर्डीत चिकूच्या वाड्या उभ्या केल्या. चिकू मूळचा मध्य अमेरिकेतला. आज 'डहाणू घोलवड चिकू'ला भौगोलिक मानांकन आहे. मी मुंबईत शिकत असताना गाव सांगितलं की समोरचा म्हणायचा, "अरे वा, चिकू!" परदेशी फळ इतकं इथलं झालं, याचं मला कौतुकच आहे. फक्त, "अरे वा, वारली!" असं कुणी म्हणालं तर तो भिंतीवरच्या चित्राबद्दल बोलत असायचा.

आजीचा बाप लग्नगडी होता. लग्नासाठी सावकाराकडून पैसे घ्यायचे आणि ते फिटेपर्यंत नवरा-बायकोने त्याच्याकडे राबायचं. बहुतेकदा ते फिटायचेच नाहीत. इथल्या सावकार-जमीनदारांत हिंदू, मुसलमान, पारशी, इराणी सगळेच होते. म्हणून हे भांडण कुठल्या एका जमातीशी नाही. उपाशी पोटी आलेल्याला जमीन मिळाली, हे चांगलंच झालं. पण त्याच काळात जमीन ज्यांच्या हातून गेली, ते आपल्याच रानात परके झाले.

२३ मे १९४५ला तलासरीजवळच्या झरी गावात हजारो वारली जमले. गोदावरी आणि शामराव परुळेकर त्यांच्यासोबत होते. यापुढे वेठ करायची नाही, असं तिथे ठरलं. त्याच वर्षी १० ऑक्टोबरला तलवाड्यात पोलिसांनी गोळीबार केला. पाच जण गेले. तलासरीत दर वर्षी त्या दिवशी लोक जमतात. आमच्याकडेही सांगायला गोष्ट आहे. ती शाळेत कुणी सांगितली नाही, एवढंच.

१ मे १९६०ला उंबरगाव आणि संजाण गुजरातेत गेलं, तलासरी महाराष्ट्रात राहिली. सोयरीक दोन्हीकडे, पण सरकारं दोन. लग्नगड्याची प्रथा गेली, तरी काम अजून बाहेरच शोधावं लागतं. दिवाळीनंतर कुटुंबं उचल घेऊन वीटभट्टीवर जातात. पावसाळा सरला की पोरं वेरावळ, मांगरोळला बोटींवर चढतात. त्यांच्यातले काही समुद्रात हद्द ओलांडल्याच्या आरोपावरून कराचीच्या तुरुंगातही पोचले. तिथे त्यांची पहिली ओळख भारतीय. नारगोलच्या किनाऱ्यासमोर मात्र ते बाहेरचे होते.

आता दूध-साखरेची गोष्ट ऐकली की मला साखरेपेक्षा भांड्याचा प्रश्न पडतो. जागा नाही, हे ठरवणारा कोण, आणि ते भांडं कोणाचं? संजाणला उतरलेले लोक लांबून, अनोळखी भाषा घेऊन आले होते. २०२०च्या त्या बोटींवरच्या पोरांना किनाऱ्यावरच्यांची भाषा कळत होती. कुणाची आत्या, कुणाची मावशी त्याच तालुक्यात दिलेली असेल. त्यांना जागा मागायची नव्हती, घरी जायचं होतं.