लाथ कोणी कोणाला शिकवली?

नभोवाणीवर लाथ दाखवता येत नाही, ही या विषयाची पहिली अडचण. शब्दांवरच भागवावे लागणार. दुसरी अडचण माझी स्वतःची आहे, ती आधीच सांगून टाकतो.

सोलापुरातल्या एका शाळेत मी तीस वर्षे इतिहास शिकवला. दरवर्षी ९ डिसेंबरला, डॉ. द्वारकानाथ कोटणीसांच्या स्मृतिदिनी, मुलांसमोर दहा-पंधरा मिनिटे बोलण्याचे काम माझ्याकडे असे. १९१० साली आपल्या गावात जन्मलेला हा माणूस १९३८ साली पाच जणांच्या भारतीय वैद्यकीय पथकातून चीनला गेला. जपानशी लढणाऱ्या सैनिकांवर त्याने उपचार केले आणि १९४२ साली वयाच्या अवघ्या बत्तिसाव्या वर्षी तो तिथेच वारला. एवढे सांगून झाले की माझे ठरलेले वाक्य येई. ‘‘मुलांनो, आपण चीनला दोन गोष्टी दिल्या. दीड हजार वर्षांपूर्वी बोधिधर्माने त्यांना लाथ मारायला शिकवले, आणि कोटणीसांनी त्यांच्यासाठी प्राण दिले.’’ टाळ्या हमखास पडत.

एका वर्षी नववीतला एक मुलगा टाळ्या थांबल्यावर उभा राहिला. तालमीत जाणारा मुलगा, कान चांगले मोडलेले. म्हणाला, ‘‘सर, बोधिधर्मानं लाथ शिकवली हे कुठं लिहिलंय?’’ ‘‘सगळ्यांना ठाऊक आहे ते,’’ असे म्हणून मी वेळ मारून नेली. इतिहासाच्या मास्तराने द्यावे असे ते उत्तर नव्हते. पुढे बरीच वर्षे सवडीप्रमाणे मी ते ‘कुठं’ शोधत राहिलो.

बोधिधर्माचा सर्वांत जुना उल्लेख इ. स. ५४७ च्या सुमाराचा आहे. यांग श्वानची नावाच्या अधिकाऱ्याने लुओयांग शहरातल्या बौद्ध मंदिरांची हकिगत लिहून ठेवली, तीत एक वृद्ध भिक्षू भेटतो. एका उंच स्तूपाकडे पाहून तो हात जोडतो, आपले वय दीडशे वर्षांचे असल्याचे सांगतो, आणि लेखकाच्या म्हणण्याप्रमाणे तो इराणकडचा आहे. त्याच काळाच्या आसपासचा दुसरा एक लेख त्याला दक्षिण भारतातला म्हणतो. तो आपला, ही समजूत त्या लेखाला धरून आहे. तिच्यात गैर काही नाही. मात्र लाथेचा, ठोशाचा, कसरतीचा अवाक्षरानेही उल्लेख दोन्हीकडे नाही.

मग शाओलिनचे मठ आणि तिथले लढाऊ भिक्षू? ते खरे आहेत. इ. स. ६२१ च्या लढाईत शाओलिनच्या भिक्षूंनी पुढे तांग सम्राट झालेल्या ली शिमिनची बाजू घेतली. मठातल्या ७२८ सालच्या शिलालेखात याची नोंद असून तेरा भिक्षूंची नावेही आहेत. ते कसे लढले, हे त्यात नाही. त्यानंतर जवळजवळ नऊशे वर्षांनी, सतराव्या शतकाच्या आरंभी, मठात राहून शिकलेल्या छंग चुंगयौ याने मठाच्या विद्येवर पुस्तक लिहिले. ते आहे लाठीवर! भिक्षू हातापायाच्या लढतीकडेही वळू लागले आहेत, ती विद्या अजून लाठीच्या तोडीला यायची आहे, असे तो लिहितो. म्हणजे बोधिधर्मानंतर हजार वर्षांनीही शाओलिनचे नाव होते ते लाठीसाठी.

बोधिधर्म या गोष्टीत शिरला तो ‘ई-चिन चिंग’ नावाच्या एका ग्रंथातून. स्नायू बदलून टाकणारे व्यायाम त्यात आहेत आणि ते बोधिधर्माने मागे ठेवले, असा त्याचा दावा आहे. ग्रंथाच्या उपसंहारावर साल आहे १६२४. त्याला जोडलेल्या जुन्या प्रस्तावना मात्र सातव्या आणि बाराव्या शतकांतल्या असल्याचे भासवतात. त्यांतली एक म्हणे न्यू काओ या सेनापतीची. तीत सेनापती स्वतःच कबूल करतो की आपण निरक्षर शिपाईगडी आहोत! अठराव्या शतकातल्या लिंग थिंगखान या चिनी पंडिताने या प्रस्तावनांमधल्या चुका दाखवून त्यांची टर उडवली होती. १९३० साली थांग हाओ या अभ्यासकाने शाओलिन आणि वूतांग यांच्या दंतकथांची झाडाझडती घेतली, तेव्हा तर या कथेत फारसे काही उरलेच नाही. या शोधाचे मोठेपण मला वाटते ते असे की, परंपरा परक्या संताकडून आली नाही हे सिद्ध करताना चिनी अभ्यासकांनी स्वतःच्या लाडक्या कथाही मोडीत काढल्या.

मग चिनी लाथ आली कुठून? एका माणसाचे, एका सालाचे उत्तर नाही. पण कागदावर ती स्पष्ट दिसू लागते ती सोळाव्या शतकात. ची चिकुआंग हा सेनापती तेव्हा पूर्व किनाऱ्यावर समुद्री चाच्यांशी लढत होता. शेतकऱ्यांच्या पोरांना शिपाई बनवण्यासाठी त्याने १५६० च्या सुमारास एक पुस्तक लिहिले. मोठ्या लढाईत मुष्टियुद्धाचा उपयोग फारसा नाही, हातपाय मोकळे व्हायला ते बरे, असे तो रोखठोक सांगतो. त्या काळच्या नामवंतांची यादी देताना तो शानतुंग प्रांतातल्या एकाच्या लाथेचे नाव घेतो. त्याचे टोपणनावच ‘अर्धे आकाश ली’. पाय किती उंच जात असेल, कल्पना करा.

याच शतकात छापून घराघरांत गेलेल्या ‘शुइहू चुआन’ या कादंबरीत वू सोंग नावाचा वीर एका गुंडाला लोळवतो. आधी तो दोन्ही मुठी गुंडाच्या तोंडासमोर नुसत्या हलवतो आणि पाठ फिरवून चालू लागतो. गुंड चिडून मागे धावतो. डावा पाय मागे उसळतो तो थेट त्याच्या पोटात, तो वाकतो, वू सोंग गर्रकन वळतो आणि उजवा पाय कपाळावर. एकामागे एक जाणाऱ्या या दोन लाथांना चिनी लोक चक्रवाकाच्या जोडीसारख्या एका पाखराच्या जोडीचे नाव देतात, कारण ती पाखरे एकमेकांना सोडून राहत नाहीत. पहिली लाथ वाकवते, दुसरी पाडते.

या जोडलाथा जपणारी एक शैली आहे, चुओ-च्याओ. तिचे माहेर हेबेई प्रांत, त्यातले राओयांग आणि ली हे तालुके. इथे मी वाचता वाचता थबकलो. ली तालुका बाओडिंग परिसरातला, आणि कोटणीसांनी ज्या तांग तालुक्यात इस्पितळ चालवले तोही बाओडिंग परिसरातलाच. त्यांनी तिथे कधी कोणाला लाथांचा सराव करताना पाहिले की नाही, यावर मी आता काही बोलणार नाही. तसल्या जोडण्या करून एकदा तोंडघशी पडलो आहे.

दुसरी मोठी शैली थान-थुई. नावाचा अर्थ उसळता पाय. दहा किंवा बारा छोट्या पट्ट्या असतात. एकच हालचाल डावीकडे, मग उजवीकडे, सरळ रेषेत पुढे जात करायची. दहा पट्ट्यांची थान-थुई विशेषतः हुई मुसलमानांनी जपली, आणि ही विद्या मशिदीच्या दारातून आली असे चिनी लोक म्हणीतून सांगतात. १९१० साली, म्हणजे कोटणीसांच्या जन्मसालीच, शांघायला चिंग-वू ही संस्था निघाली. तिने बारा पट्ट्यांची थान-थुई प्रत्येक नवशिक्याचा पहिला धडा ठरवली. वस्तादाच्या अंगणातली विद्या तिथून पुढे कारकुनांच्या, विद्यार्थ्यांच्या आणि मुलींच्याही वाट्याला आली.

पण थान-थुईतली लाथ बरेच गुरू किती उंच मारायला शिकवतात? नडगीपर्यंत! फार तर कमरेपर्यंत. हात पुढे ठोसा मारत असतो, समोरच्याचे डोळे त्या मुठीवर असतात, आणि खाली पाय आपले काम करून परत आलेला असतो. उत्तरेकडची एक म्हणच आहे की हात म्हणजे दाराच्या दोन फळ्या, माणूस पडतो तो पायाने. दुसरी म्हण लगेच बजावते की पाय उचलला की अर्धे अंग उघडे पडले.

ही दुसरी म्हण सोलापूरकराला समजावून सांगायची गरज नाही. आमच्या शेजारच्या तालमीतले एक म्हातारे वस्ताद होते. ब्रूस लीचा ‘एंटर द ड्रॅगन’ पाहून आलेल्या आम्हा पोरांना उड्या मारताना ते पाहत बसले होते. शेवटी एवढेच म्हणाले, ‘‘पाय वर आला की पट.’’ समोरच्याने पाय हातात आणून दिल्यावर पैलवानाने आणखी काय करायचे? आज चीनमध्ये सांदा या लढतीत नेमके हेच शिकवतात, की आलेली लाथ पकडा आणि माणूस आपटा. चिनी कुस्तीत पायाने घोटा उडवून माणूस पाडतात, तो प्रकार पाहिला तर आपल्या टांगेचा भाऊ शोभेल. आपल्या मातीत पायाचे डाव भरपूर आहेत, लाथ मात्र नाही. चुकून कोणाला पाय लागला तर नमस्कार करणारी माणसे आपण. आपली लाथ ‘मारीन तिथे पाणी काढीन’ एवढ्या बढाईपुरतीच. सोलापूरपासून फार लांब नसलेल्या कल्याणीच्या चालुक्य राजाने, तिसऱ्या सोमेश्वराने, बाराव्या शतकात ‘मानसोल्लास’ लिहविला, त्यात मल्लांच्या झुंजीवर वेगळे प्रकरण आहे. सांगण्यासारखे आपल्याकडे कमी नाही. उसने श्रेय कशाला?

उत्तरेची लाथ आणि दक्षिणेची मूठ, अशी वाटणी चिनी लोक स्वतः करतात. उत्तरेला मोकळी मैदाने, दक्षिणेला होड्या आणि चिखलाची शेते, हे तिचे कारण सांगतात. मला ते जरा जास्तच नीटनेटके वाटते. दक्षिणेतल्या क्वांगतुंगमधली मो घराण्याची शैली लाथांसाठीच प्रसिद्ध आहे.

उंच, हवेतली लाथ खोटी नाही, तिचे काम वेगळे आहे. उडी मारून पाय वर नेताना पायाच्या पाठीवर तळहाताची थाप देतात. ‘फाट्’ असा आवाज निघतो (नभोवाणीवर एवढे तरी ऐकवता आले असते). थाप बसली नाही तर पाय पुरेसा वर गेला नाही, हे करणाऱ्याला लगेच कळते. अंग सैल होते, तोल येतो आणि पाहणारा खूश होतो. १९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी चीनने सहा पुरुष आणि तीन स्त्रियांचे पथक प्रात्यक्षिकांसाठी पाठवले. त्यात हुई समाजातला चांग वनक्वांग होता. पुढे तो पेकिंगच्या क्रीडा महाविद्यालयात अध्यापक झाला. त्याच उन्हाळ्यात, त्याच शहरात अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाचे पथकही आपले देशी खेळ दाखवत होते. दोन गुलामीत किंवा संकटात सापडलेले देश जगाला सांगत होते की आमच्या अंगातही काही आहे. दाखवायचे म्हटले की नडगीवरची लाथ कामाची नसते, ती प्रेक्षकाला दिसतच नाही. १९५० नंतर स्पर्धा सुरू झाल्या, गुण आले, आणि पाय वर वर जात राहिला. सिनेमाने तो आणखी वर नेला.

हे सगळे हाती येईपर्यंत तो नववीतला मुलगा शाळा सोडून गेला होता. निवृत्तीच्या आधीच्या ९ डिसेंबरला मी भाषणातले ते वाक्य गाळले आणि का गाळले तेही मुलांना सांगितले. त्या दिवशी टाळ्या कमी पडल्या. मग कोणाकडून तरी त्याचा पत्ता मिळवून त्याला एक कार्ड टाकले. ‘तू विचारलेले कुठेही लिहिलेले नाही,’ एवढेच त्यावर लिहिले होते. आठ दिवसांनी उलट कार्ड आले. त्याने लिहिले होते, ‘मला तेव्हाच वाटलं होतं सर. वस्ताद म्हणाले, विचारून ये.’