जमाखर्चात न बसलेले साडेतीन अंश

१/१३
विश्वाच्या जन्माचा पुरावा हाती लागण्याआधी दोन शास्त्रज्ञांना अँटेनातील कबुतरांची विष्ठा साफ करावी लागली, ही गोष्ट अनेकांनी ऐकलेली असते. कबुतरे खरी होती. मात्र तो शोध का लागू शकला, याचे उत्तर त्या अँटेनाच्या रचनेत दडलेले आहे. हा धागा त्या अँटेनाविषयी.

२/१३
अमेरिकेच्या न्यू जर्सी राज्यात होल्मडेलजवळ क्रॉफर्ड हिल नावाची टेकडी आहे. बेल टेलिफोन लॅबोरेटरीजने १९५९-६० च्या सुमारास तेथे हा अँटेना उभारला. लांबी सुमारे १५ मीटर, चौकोनी तोंडाची प्रत्येक बाजू ६ मीटर आणि वजन सुमारे १६ टन. पाहणाऱ्याला तो जत्रेतील ध्वनिक्षेपकाचा आडवा ठेवलेला अवाढव्य कर्णाच वाटावा.

३/१३
त्याचे मूळ काम दूरसंचाराचे. १२ ऑगस्ट १९६० रोजी 'इको' हा धातूचा मुलामा दिलेला, ३० मीटर व्यासाचा फुगा सुमारे १,६०० किलोमीटर उंचीवर पोहोचला. जमिनीवरून आलेल्या लहरी तो आरशाप्रमाणे केवळ परतवीत असे. कॅलिफोर्नियातून पाठवलेला संदेश होल्मडेलला पोहोचेपर्यंत अत्यंत क्षीण झालेला असे.

४/१३
क्षीण संदेशाचा शत्रू म्हणजे खरखर. प्रत्येक उष्ण वस्तू रेडिओलहरी उत्सर्जित करते. म्हणून अभियंते ही खरखर तापमानाच्या एककात, केल्विनमध्ये, मोजतात. जमिनीचे तापमान सुमारे ३०० केल्विन. नेहमीच्या तबकडीत लहरी टिपणारा भाग तबकडीसमोर टांगलेला असतो. तबकडीच्या कडेपलीकडून जमिनीची थोडी ऊर्जाही त्याच्यापर्यंत पोहोचते.

५/१३
यावरचा उपाय बेल लॅबोरेटरीजमध्येच हॅराल्ड फ्रीस आणि आल्फ्रेड बेक यांनी १९४० च्या दशकाच्या आरंभी शोधला होता. निमुळता कर्णा आणि वक्र परावर्तक त्यांनी एकसंध जोडले. लहरी टिपणारे टोक धातूच्या भिंतींनी वेढले गेले; जमिनीची ऊर्जा बाहेरच अडली. ए. बी. क्रॉफर्ड व सहकाऱ्यांनी होल्मडेलचा अँटेना याच तत्त्वावर उभारला.

६/१३
'इको'साठी वापरलेल्या ग्राहकयंत्रणेचा अहवाल ई. ए. ओम यांनी १९६१ मध्ये प्रसिद्ध केला. सर्व ज्ञात घटकांची बेरीज १८.९ केल्विन येत होती. प्रत्यक्ष मोजणी २२.२ केल्विन दाखवीत होती. ३.३ केल्विन जास्त! परंतु बेरजेतील संभाव्य त्रुटीच ३ केल्विनची होती. आकडा त्रुटीत विरून गेला.

७/१३
पुढे हा अँटेना आर्नो पेन्झियस आणि रॉबर्ट विल्सन या तरुण खगोलशास्त्रज्ञांच्या हाती आला. त्यांना आकाशगंगेभोवतालच्या प्रभामंडळाचे क्षीण प्रारण मोजायचे होते. त्यासाठी आकाशाचे निरपेक्ष तापमान हवे होते. म्हणून त्यांनी द्रव हीलियमने थंड केलेला, ज्ञात तापमानाचा संदर्भस्रोत जोडला आणि त्याच्याशी आकाशाची आळीपाळीने तुलना केली.

८/१३
१९६४ मध्ये ७.३५ सेंटिमीटर तरंगलांबीवर मोजणी सुरू झाली. त्यांनी पुढे प्रसिद्ध केलेला जमाखर्च असा:
थेट डोक्यावरच्या आकाशाकडे रोखल्यावर एकूण: ६.७ केल्विन
वातावरणाचा वाटा: २.३
अँटेनाच्या धातूतील क्षय: ०.८
मागील बाजूने येणारी जमिनीची ऊर्जा: फार तर ०.१
शिल्लक: ३.५ केल्विन. त्रुटीची मर्यादा १ केल्विन.

९/१३
ही शिल्लक कोठून आली? अँटेना न्यूयॉर्क शहराकडे रोखून पाहिला. कारण शहर नव्हते. आकाशगंगाही नव्हती, कारण सर्व दिशांना आकडा तोच येई. ऋतू बदलले, आकडा बदलला नाही. मग संशय अँटेनावरच आला. सांध्यांवर अॅल्युमिनियमची पट्टी चिकटवली. आत राहणारे कबुतरांचे जोडपे हलवून विष्ठा पुसली. फरक नगण्य पडला.

१०/१३
रचनेचे महत्त्व येथे कळते. जमिनीची ऊर्जा आत झिरपू देणाऱ्या अँटेनात साडेतीन अंशांचा दोष सहज जमिनीच्या माथी मारता आला असता. येथे जमिनीचा वाटा ०.१ हून अधिक नव्हता आणि उरलेला प्रत्येक घटक स्वतंत्रपणे तपासलेला होता. आकड्याला लपायला जागाच उरली नव्हती.

११/१३
जवळच प्रिन्स्टन विद्यापीठात रॉबर्ट डिकी यांचा गट नेमके असेच प्रारण शोधण्यासाठी स्वतःचे उपकरण बांधत होता. विश्वाचा आरंभ अतितप्त अवस्थेत झाला असेल, तर त्या उष्णतेचा अवशेष आजही सर्वत्र असावा, हा त्यांचा तर्क. राल्फ अल्फर आणि रॉबर्ट हर्मन यांनी १९४८ मध्येच सुमारे ५ केल्विनचे भाकीत केले होते. ते विस्मृतीत गेले होते. १९६५ मध्ये बर्नार्ड बर्क या खगोलशास्त्रज्ञामुळे होल्मडेल आणि प्रिन्स्टनची गाठ पडली.

१२/१३
जुलै १९६५ मध्ये दोन्ही गटांचे लेख एकत्र प्रसिद्ध झाले. पेन्झियस-विल्सन यांच्या लेखाच्या शीर्षकात विश्व नव्हते, महास्फोट नव्हता. होते केवळ अँटेनाचे 'जादा तापमान'. अर्थ लावण्याचे काम त्यांनी प्रिन्स्टनच्या लेखावर सोपवले. १९७८ मध्ये दोघांना नोबेल मिळाले. आज या प्रारणाचे तापमान २.७२५ केल्विन मानले जाते.

१३/१३
१९८९ मध्ये हा अँटेना अमेरिकेचे राष्ट्रीय ऐतिहासिक स्मारक ठरला. ओम यांना ३.३ दिसले, पेन्झियस आणि विल्सन यांना ३.५. अँटेना तोच, आकाश तेच. ओम यांचे काम 'इको'चा संदेश ऐकण्याचे होते. ते उत्तम पार पडले आणि तीन अंशांचा हिशेब लावण्याची त्यांना गरज पडली नाही. पुढच्या दोघांना त्या हिशेबाशिवाय एक पाऊलही पुढे टाकता येत नव्हते.