भारतरत्न काणे : लांबत गेलेल्या प्रस्तावनेची गोष्ट

१/ १९६३ साली भारतरत्न दोघांना मिळाले. एक तत्कालीन उपराष्ट्रपती डॉ. झाकीर हुसेन. दुसरे ऐंशी ओलांडलेले संस्कृत पंडित, महामहोपाध्याय डॉ. पांडुरंग वामन काणे. ग्रंथालयात आयुष्य वेचलेल्या अभ्यासकाला राष्ट्राने सर्वोच्च सन्मान का दिला असावा?

२/ काणे यांचा जन्म १८८० चा, रत्नागिरी जिल्ह्यातला. आधी शाळेत शिकवले, पुढे मुंबई उच्च न्यायालयात वकिली केली. तेथे वारसाहक्काच्या दाव्यांत नीलकंठभट्टाच्या ‘व्यवहारमयूख’ या १७ व्या शतकातील ग्रंथाचा आधार घेतला जाई. म्हणजे जुनी पोथी हा तेव्हा चालू कायदा होता.

३/ याच ग्रंथाचे संपादन करताना धर्मशास्त्राच्या इतिहासावर एक प्रस्तावना जोडावी, एवढाच काणे यांचा मानस होता. ती प्रस्तावना आवरेना! तिचाच पुढे स्वतंत्र ग्रंथ झाला. पहिला खंड १९३० मध्ये निघाला, तर लेखन संपले १९६२ मध्ये. पाच खंड, साडेसहा हजारांहून अधिक पृष्ठे. प्रकाशक, पुण्याची भांडारकर प्राच्यविद्या संशोधन संस्था.

४/ या खंडांचे मोल केवळ आकारात नाही. सूत्रे, स्मृती, टीका आणि निबंधग्रंथ त्यांनी कालक्रमाने मांडले. त्यामुळे विवाह, दत्तकविधान, वारसा यांविषयीचे नियम काळानुसार व प्रदेशानुसार बदलत गेले, हे पुराव्यानिशी दिसू लागले. ‘शास्त्र सनातन आहे, त्याला हात लावू नका’ या युक्तिवादाला शास्त्रग्रंथांतूनच उत्तर मिळाले.

५/ संविधानाच्या ८० व्या अनुच्छेदानुसार साहित्य, विज्ञान, कला व समाजसेवा या क्षेत्रांतील १२ जाणकारांना राष्ट्रपती राज्यसभेवर नेमतात. काणे १९५३ ते १९५९ या काळात असे सदस्य होते. हिंदू विवाह कायदा (१९५५) आणि हिंदू वारसा कायदा (१९५६) संसदेने संमत केले, ते याच वर्षांत. ज्या विषयाचा इतिहास ते लिहीत होते, त्याच विषयाचे भवितव्य त्यांच्यासमोर ठरत होते.

६/ आज मुंबईची एशियाटिक सोसायटी त्यांच्या नावाने संशोधकांना सुवर्णपदक देते. ते योग्यच. परंतु पदक मोजक्यांना मिळते. काणे यांची शिस्त मात्र कोणालाही उचलता येते.

७/ यापुढे वादात कोणी ‘शास्त्रात असे लिहिले आहे’ म्हणाले, तर शांतपणे तीन प्रश्न विचारा : कोणत्या ग्रंथात? कोणत्या काळी? आणि त्यानंतरच्या टीकाकारांनी काय म्हटले? काणे यांचा याहून उचित गौरव मला सुचत नाही.