भाग 14 : मुलूखमैदान आणि माळ्यावरचे तीन कॅबिनेट

आजचा भाग थोडा इतिहासाचा, थोडा भंगाराचा. हेडफोन लावा आणि चला माझ्यासोबत परंड्याला.

परंड्याचा भुईकोट किल्ला बऱ्याच जणांनी पाहिला असेल. पण विजापूरला बुरजावर बसलेली मुलूखमैदान तोफ आधी आमच्या परंड्यात होती, हे किती जणांना माहितीये? 1549 मध्ये अहमदनगरला ओतलेली, सुमारे 55 टन वजनाची ही तोफ 1632 मध्ये परंड्याहून विजापूरला नेली. आता पुढची गंमत ऐका. 1854 मध्ये इंग्रजांनी विजापुरातल्या निकामी सामानाचा लिलाव काढला, त्यात ही तोफही होती. सगळ्यात मोठी बोली आली फक्त 150 रुपयांची! नंतर ती विक्री रद्द झाली, म्हणून तोफ आज जागेवर आहे. थोडक्यात वाचली.

हे आठवायचं कारण म्हणजे दिवाळीत गावी गेलो तेव्हा आमच्या कॉम्प्युटर क्लासच्या सरांचा फोन आला. "अरे, क्लास बंद करून जागा भाड्याने देतोय. शनिवारी भंगारवाला येईल. माळ्यावर तीन कॅबिनेट आहेत. तुला एखादा हवा असेल तर घेऊन जा."

एखादा म्हणजे एकच. पुण्यातल्या आमच्या वन बीएचकेमध्ये त्याहून जास्त जागा नाही. मग निवडायचा कुठला?

माझ्या पिढीने गेम शिकले ते याच क्लासमध्ये. 2006-07 चं ते लोडशेडिंग आठवा. प्रॅक्टिकलचा तास संपायला दहा मिनिटं उरली की सर म्हणायचे, "खेळा आता." मग कोणी डेव्ह, कोणी प्रिन्स ऑफ पर्शिया, कोणी रोड रॅश. मध्येच लाइट जायची, यूपीएस ओरडायला लागायचा आणि सगळे पळत येऊन शटडाउन करायचे.

तर पहिला कॅबिनेट पेंटियम 4, त्यावर विंडोज एक्सपी. तिघांत सगळ्यात दमदार. कोणीही हाच उचलेल. पण जुन्या गेमचं गणित उलटं असतं. मशीन किती जोरात पळतं हे नंतर बघायचं. आधी गेम कोणत्या काळातला आहे ते बघायचं.

प्रिन्स ऑफ पर्शिया 1989 मध्ये ॲपल टू वर आला, 1990 मध्ये डॉसवर. तेव्हाचे काही गेम प्रोसेसरच्या वेगावरच स्वतःचा वेग ठरवायचे. म्हणून जुन्या कॅबिनेटवर 'टर्बो' बटण असायचं. नाव टर्बो, काम मात्र गरज पडली की मशीन हळू करायचं! असा गेम वेगवान मशीनवर लावला की पात्रं वारं प्यायल्यासारखी पळतात. शिवाय एक्सपीच्या खाली खरा डॉस नाही, त्यामुळे डॉसच्या अनेक गेमचा आवाज तिथे गप्प होतो. हां, व्हाइस सिटी खेळायचा असेल तर पेंटियम 4 उत्तम. पीसीवर तो 2003 मध्ये आला आणि त्याला किमान 800 मेगाहर्ट्झचा प्रोसेसर लागायचा.

झाकण उघडलं तर मदरबोर्डवरचे कपॅसिटर फुगलेले, दोन फुटलेले. 2000 नंतरच्या काही वर्षांत असे खराब कपॅसिटर जगभरच्या बोर्डांवर बसले होते. बदलता येतात, पण सोल्डरिंगचा हात बसलेला हवा.

दुसरा सेलेरॉन. ग्राफिक्स बोर्डातच, वेगळ्या कार्डाला एजीपी स्लॉट नाही. टायपिंगसाठी घेतलेलं मशीन ते, बिचाऱ्याने टायपिंगच केलं.

तिसरा सगळ्यात मळकट. पेंटियम 3, बोर्डावर इंटेलचा 440बीएक्स चिपसेट. 1998 चा हा चिपसेट म्हणजे दोन काळांमधला पूल. एका बाजूला एजीपी स्लॉट, म्हणजे थ्रीडी कार्ड बसतं. दुसऱ्या बाजूला लांब काळा आयएसए स्लॉट, म्हणजे जुनं साउंड ब्लास्टर कार्ड बसतं. विंडोज 98 टाका. खाली खरा डॉस मिळतो आणि वर रोड रॅशही चालतो. रॅम 256 एमबी पुरे. 512 च्या वर गेलात तर 98 रुसायला लागतं.

मी तोच घेतला. बटण लगेच दाबलं नाही. आधी धूळ काढली, बोर्डावरचा बटणसेल बदलला, पॉवर सप्लाय तपासून घेतला. सरांकडे जुना डब्बा मॉनिटरही होता, तो घेतला. पण त्याचं झाकण तुम्ही कधीही उघडू नका. प्लग काढल्यावरही आत जीवघेणा विजेचा साठा राहू शकतो.

आणि हो, फक्त गेमच खेळायचा असेल तर यातलं काहीच लागत नाही. डॉसबॉक्स फुकट आहे, आधी तिथे खेळून बघा.

मग मी हा खटाटोप का केला? शुक्रवारी रात्री तिन्ही हार्ड डिस्क काढून लॅपटॉपला जोडल्या. दोन चालल्या. त्यात गेम होते तसेच फोल्डरही होते, बॅचनुसार. पेंटमध्ये मुलांनी काढलेली चित्रं: झेंडा, घर, दोन डोंगरांमधला सूर्य आणि आमचा किल्ला, बुरजावर तोफेसकट. सर चष्मा पुसत एकेक नाव वाचत होते. "ही आता नर्स आहे. हा बार्शीला दुकान चालवतो." तिसरी डिस्क नुसती टकटक करत राहिली. माझी बॅच त्या डिस्कवर होती.

शनिवारी दोन कॅबिनेट तराजूवर चढले. भंगारवाल्याने त्याच्या हिशोबाने रास्त भाव दिला. तांब्याचा, पत्र्याचा, किलोवर.

तुमच्या शाळेत, क्लासमध्ये, काकांच्या माळ्यावर असा एखादा कॅबिनेट असेल. सगळे ठेवायला कोणाकडेच जागा नसते, मान्य. पण तो तराजूवर चढायच्या आधी एकदा झाकण उघडा, स्लॉट बघा आणि हार्ड डिस्क काढून घ्या.

भेटू पुढच्या भागात. ऐकत राहा!