सोंगाड्याचे हसू आणि संहितेची अट

हास्याची चर्चा आपल्याकडे नाट्यशास्त्रापासून सुरू होते, आणि खरे तर तेथेच ती थोडी अडखळायला हवी. स्मित, हसित, विहसित, उपहसित, अपहसित, अतिहसित हे सहा प्रकार आपण वर्गात पाठ करतो, करवून घेतो. पण त्यांच्या मागोमाग येणारी वाटणी सोडून देतो. पहिले दोन उत्तम प्रकृतीच्या माणसांचे, मधले दोन मध्यमांचे, शेवटचे दोन अधमांचे. दात दिसू न देता हसणारा श्रेष्ठ. डोळ्यांत पाणी येईतो, कुशी दाबून हसणारा हीन. विदूषकाचेही तसेच. तो जन्माने ब्राह्मण, बोलतो प्राकृत, रूपाने टकला, दंतुर, कुबडा. त्याची खादाडी थट्टेचा विषय होते खरी, पण तो राजाचा मित्र असल्याने ती थट्टा राजवाड्याबाहेर पडत नाही.

तमाशाच्या बारीत मात्र सारे अतिहसितच. गणानंतर गौळण सुरू झाली की पेंद्या बोबडे बोलत येतो, पदर सावरत पुरुषच मावशी होतो, आणि मथुरेच्या वाटेवर साक्षात कृष्णाशी दाणावरून हुज्जत घालतो. पुढे वगात राजा, प्रधान, कोतवाल यांची पाळी. हे करणारे कलावंत बहुतांशी महार, मांग, कोल्हाटी समाजांतले. हॉब्जने १६५१ साली हसण्याचे मूळ आपल्याला एकाएकी जाणवणाऱ्या आपल्याच मोठेपणात शोधले. बलवान दुबळ्याला हसतो, असा त्याचा अर्थ आपण लावतो. दिवसा पाटलासमोर हात जोडून उभा राहणारा माणूस रात्री बोर्डावर राजाची फजिती करतो, तेव्हा त्या मोठेपणाचा अर्थ काय लावायचा?

अर्थात फार हुरळून जाण्याचे कारण नाही. तोच पाटील पुढच्या रांगेत बसून हसे आणि दौलतजादा करी. आणि द्व्यर्थी विनोदाची किंमत बव्हंशी नाचणाऱ्या स्त्रीलाच मोजावी लागे. बेर्गसाँने १९०० साली हसू नेहमी समूहाचे असते असे म्हटले. बारीतल्या समूहात कोण कोठे बसले होते, हे मात्र आपले आपणच पाहायला हवे.

या विनोदाचे घर म्हणजे बतावणी. ती लिहिलेली नसे. ढोलकीवाला काय टोकतो, गावात काल काय घडले, यावर ती वाढे. १९४०च्या दशकाच्या अखेरीस मुंबई सरकारने तमाशावर निर्बंध आणले आणि पुढे प्रयोगाआधी संहिता तपासून घेण्याची अट आली. अश्लीलता रोखणे हा हेतू सांगितला गेला. आमच्या मते खरा आघात हजरजबाबीपणावर झाला. कागदावर वाक्य तपासता येते. वाक्याआधीचा थांबा, भुवई, पहिल्या रांगेकडे टाकलेला कटाक्ष तपासता येत नाही.

म्हणूनच वसंत सबनीसांचे ‘विच्छा माझी पुरी करा’ (१९६५) आम्हांला महत्त्वाचे वाटते. कोतवालाची जागा हवालदाराला न मिळता प्रधानाच्या नात्यातल्या माणसाला मिळते, एवढ्या कथेवर दादा कोंडके प्रयोगागणिक ताज्या घडामोडींची कलमे करीत. संहिता लेखकाची, पण हशा त्या त्या रात्रीचा. काही वर्षांपूर्वी आम्ही ते नाटक वर्गात मोठ्याने वाचले. विद्यार्थी हसले, पण स्मितापुरते. मग एकाने हवालदाराच्या तोंडी महाविद्यालयाच्या परीक्षा विभागाविषयीचे स्वतःचे वाक्य घातले आणि मागच्या बाकावर कुणीतरी कुशी धरली. ते वाक्य पुस्तकात अर्थातच नव्हते.